मदत हवी आहे: रिपल टँकमध्ये लाट वळतच नाही

पुतणीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी घरीच रिपल टँक (पाण्यातल्या लाटा दाखवायचा उथळ ट्रे) केलाय. काचेचा ट्रे, खाली पांढरा कागद, वर टॉर्च. लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्स बाजार) आणलेली छोटी मोटर पाण्याला टेकलेली पट्टी हलवते, त्याने लाटा उठतात. पाणी 10 मिमी, लाटा सेकंदाला साधारण 12, तरंगलांबी 2 सेंमीच्या आसपास.

उथळ पाण्यात लाट हळू होते आणि वळते, ते दाखवायचंय. म्हणून 5 मिमी जाड काच तळाशी सपाट, पण कड लाटांना तिरकी येईल अशी ठेवली, वर 5 मिमी पाणी उरलं. वेग √(गुरुत्वत्वरण × खोली) धरला तर तो सेकंदाला 31 सेंमीवरून 22 वर यायला हवा. प्रत्यक्षात लाटा काचेवरून सरळ निघून जातात, दोन लाटांमधलं अंतर जेमतेम कमी होतं.

कडांना स्पंज लावलाय, त्यामुळे परावर्तनाचा गोंधळ नाही. लोकलने ट्रे थरथरतो (घर रुळांलगत), म्हणून चाचणी शेवटची गाडी गेल्यावरच. स्लो मोशनमध्येही मोजून झालं. काचेवर पाणी फारच कमी ठेवलं तर ते फाटून कोरडे डाग पडतात.

माझी शंका अशी की इतक्या आखूड लाटांना 5 मिमी म्हणजे उथळ नाहीच, आणि पृष्ठताणही मध्ये येतो. मग काचेवर नेमकं किती पाणी ठेवू? की मोटर मंद करून लाटाच लांब कराव्यात?