आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशीही पोट फुगलेले आहे

प्रश्न
नमस्कार. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील कर्करोगासाठी माझ्या वडिलांची (वय ६६) सोमवारी शस्त्रक्रिया झाली. तेवढा भाग काढून उरलेली टोके जोडली आहेत. आज चौथा दिवस आहे. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले आहे, वारा सरलेला नाही, आणि नाकातील नळीच्या पिशवीत सकाळपासून अर्धा लिटर हिरवट पाणी जमले आहे. डॉक्टर म्हणतात, आतडे अजून जागे झालेले नाही, वाट पाहू. शेजारच्या रुग्णाचा आतला जोड सुटल्याचे ऐकल्यापासून आईच्या तोंडचे पाणी पळाले आहे. आम्ही नेमके कशाकडे लक्ष ठेवावे?

प्रतिसाद १
मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. आतडे हाताळले गेले की त्याची हालचाल काही काळ थांबते. लहान आतडे साधारण एका दिवसात कामाला लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन. अफूवर्गीय वेदनाशामके दिली असतील किंवा रक्तातील पोटॅशियम कमी असेल, तर हा काळ लांबतो. त्यामुळे केवळ वारा सरला नाही म्हणून घाबरू नका.

मात्र जोड गळू लागला तरीही आतडे असेच निपचित पडते, आणि हे गळणे बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास ध्यानात येते, म्हणून खरी जागरूकता यापुढच्या दिवसांत हवी. नाडीकडे पाहा. ताप पुष्कळदा मागाहून येतो, पण नाडी आणि श्वास आधीच वाढू लागतात. वेदना उतरण्याऐवजी चढत असेल, लघवी कमी होत असेल किंवा वडील असंबद्ध बोलू लागले, तर रात्र असली तरी ड्युटीवरील डॉक्टरांना बोलवा. सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) तपासले आहे का आणि ते रोज उतरते आहे का, हेही विचारा; या दिवसांत ते १५० च्या वर राहिले तर डॉक्टर सहसा सीटी स्कॅनचा विचार करतात.

प्रतिसाद २
माझ्या आईचा जोड सहाव्या दिवशी गळला होता. ताप नव्हता, पण नाडी ११८ होती आणि ती चादर मुठीत घट्ट धरून पडली होती. पोटातील निचऱ्याच्या नळीतून (नाकातल्या नव्हे) तोवर येणारे गुलाबी पाणी दुपारी मातकट आणि गढूळ झाले. ते मी परिचारिकेला दाखवले आणि त्याच रात्री तिच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. काही महिने पोटावर शौचाची पिशवी लावावी लागली, परंतु आज ती घरचा स्वयंपाक करते. नळीतील पाण्याचा रंग रोज पाहत जा, एवढी कळकळीची विनंती.

प्रतिसाद ३
एक गोष्ट राहिली. डॉक्टरांची परवानगी असेल तर वडिलांना दिवसातून तीन-चार वेळा चालवा आणि चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करून घ्या, कारण पडून राहिल्याने छातीत कफ साठतो व पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. एकच पोटरी सुजली किंवा एकाएकी धाप लागली, तर क्षणभरही थांबू नका.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे मनापासून आभार. नाडी ८८ आहे, सीआरपी कालच्यापेक्षा उतरले आहे, आणि पोटॅशियम कमी निघाल्याने ते सलाईनमधून सुरू केले आहे. आईने वहीत वेळ, नाडी आणि पाण्याचा रंग लिहायला सुरुवात केली. संध्याकाळी बाबा खाटेपासून दारापर्यंत चालले. वारा अजून सरलेला नाही.