संगणक सुरू करताना कधीकधी पडद्यावर ठिपके आणि पट्टे येतात: दोष केबलचा, रायझरचा की ग्राफिक्स कार्डचा?

प्रश्न

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या संगणकात एक अडचण आहे, आणि ती प्रत्येक वेळी येत नसल्यामुळे तिचा माग काढणे अवघड जात आहे. रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी सुरू केला की काही वेळा मदरबोर्डचा लोगो उमटतो त्याच क्षणी पडद्यावर रंगीत ठिपके चमकू लागतात, मधूनच एखादा आडवा पट्टा सरकतो, आणि क्वचित मॉनिटर ‘सिग्नल नाही’ असे दाखवून काळा पडतो. अशा वेळी पंखे नीट फिरत असतात, मात्र मदरबोर्डवरचा ‘व्हीजीए’चा दिवा (ग्राफिक्सची तपासणी चालू असल्याचे किंवा अडल्याचे दाखवणारा) नेहमीपेक्षा जास्त वेळ पेटलेला राहतो. विंडोज सुरू झाल्यावर चित्र स्वच्छ होते आणि त्यानंतर कितीही तास जड गेम चालवले तरी काहीही बिघडत नाही. रीस्टार्ट केल्यावर हा दोष आजवर एकदाही दिसलेला नाही.

रचना अशी आहे: प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे, रॅम डीडीआर5 आहे, ग्राफिक्स कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाच्या) चौथ्या पिढीचे असून ते कॅबिनेटमध्ये उभे बसवले आहे, म्हणजेच कार्ड आणि स्लॉट यांच्यामध्ये रायझर केबल आहे. कार्डाला एसएमपीएसपासून (संगणकाच्या वीजपुरवठा संचापासून) दोन स्वतंत्र आठ-पिनी केबल दिल्या आहेत. मॉनिटर 2560 × 1440 रिझोल्यूशनचा, 165 हर्ट्झचा असून डिस्प्लेपोर्टने जोडलेला आहे.

आतापर्यंत ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाकला, रॅमचा वेगवान प्रोफाइल बंद करून पाहिला आणि मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. मेमटेस्टमध्ये एकही त्रुटी आली नाही आणि मूळ दोष मात्र तसाच राहिला. ‘फास्ट स्टार्टअप बंद करा’ आणि ‘रिफ्रेश रेट कमी करा’ हे दोन सल्ले मला अनेकांनी दिले. परंतु या दोन्ही गोष्टी विंडोजच्या हद्दीतल्या आहेत आणि माझे ठिपके विंडोज लोड होण्याआधी, बायोसच्या (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रणालीच्या) टप्प्यातच दिसतात, त्यामुळे त्यांचा येथे काही संबंध असेल असे मला वाटत नाही. याच कारणाने ड्रायव्हरवरचा संशयही मी सोडला आहे.

माझा खरा प्रश्न पुढचा आहे. दोष अधूनमधूनच दिसत असेल, तर एखादा भाग बदलल्यावर तो खरोखर गेला की त्या वेळी नुसता दिसला नाही, हे कसे ठरवावे? आणि थंड अवस्थेतील चाचणी दिवसातून एकदाच होऊ शकते हे लक्षात घेता, कोणत्या क्रमाने तपासणी केल्यास महागडे कार्ड विनाकारण बदलण्याची वेळ येणार नाही?

पहिला प्रतिसाद

तुमचा ड्रायव्हरविषयीचा तर्क बरोबर आहे. त्याच्याही आधी एक गोष्ट सुटी करून घ्यावी, कारण तिच्यावर पुढची सगळी तपासणी अवलंबून आहे: दोषाचे कारण थंडपणा आहे की वीज पूर्णपणे जाणे आहे? रात्रभर बंद ठेवल्यावर या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात, आणि रीस्टार्टमध्ये दोन्ही घडत नाहीत. म्हणून संगणक तासभर वापरून गरम असतानाच बंद करा, एसएमपीएसचे मागचे बटण बंद करा, उरलेला विद्युतभार निघून जावा म्हणून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि लगेच पुन्हा सुरू करा. अशा गरम यंत्रातही ठिपके दिसले, तर तापमानाचा प्रश्न मिटला आणि चाचणीसाठी रोज सकाळची वाट पाहण्याची गरजही संपली.

माझा पहिला संशय डिस्प्लेपोर्टच्या केबलवर आहे. या जोडणीत विसाव्या पिनवर 3.3 व्होल्ट असतात, पण ते ॲडॉप्टरसारख्या उपकरणांसाठी. दोन उपकरणांमधील साध्या केबलमध्ये ही पिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेली नसावी, असे मानकच सांगते. काही सदोष केबलमध्ये ती जोडलेली असते. मग संगणक बंद असतानाही चालू मॉनिटरकडून कार्डात उलटी वीज शिरत राहते आणि पुढच्या वेळी कार्ड स्वच्छ शून्यावरून सुरू होत नाही. तपासणी सोपी आहे: संगणक बंद करताना मॉनिटरचाही वीजपुरवठा तोडा आणि दोन्ही पुन्हा एकत्र सुरू करा.

केबल बदलताना मात्र एचडीएमआयवर जाऊन निष्कर्ष काढू नका. तसे केल्यास केबल, कार्डाचे पोर्ट आणि मॉनिटरचे इनपुट अशा तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात. प्रमाणित अशी दुसरी, शक्यतो आखूड डिस्प्लेपोर्ट केबल त्याच दोन पोर्टमध्ये लावावी.

किती वेळा पाहावे, याचे उत्तर गणिताने देता येते. समजा दोष सरासरी चारपैकी एका वेळी दिसतो. काहीही दुरुस्त झालेले नसतानाही सलग पाच वेळा तो न दिसण्याची शक्यता सुमारे 24 टक्के राहते; म्हणून पाच स्वच्छ सुरुवातींवर विश्वास ठेवता येत नाही. ही शक्यता 5 टक्क्यांच्या खाली आणण्यासाठी सलग 11 स्वच्छ सुरुवाती लागतात. त्यानंतर जुनी केबल परत लावावी आणि दोष परत येतो का ते पाहावे. लोक हा शेवटचा टप्पा गाळतात, पण माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा तोच असतो.

दुसरा प्रतिसाद

केबलवरचा संशय मला मान्य आहे, तरी रायझर विसरू नये. चौथ्या पिढीत प्रत्येक लेनचा (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिकेचा) वेग सेकंदाला 16 गिगाट्रान्सफर असतो, तिसऱ्या पिढीत तो 8 असतो, आणि तिसऱ्या पिढीसाठी बनवलेला रायझर दुप्पट वेगाला कधी टिकतो, कधी टिकत नाही. बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन3’ करून पाहा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘व्हीया-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या भागाच्या, 17 क्रमांकाच्या नोंदी आहेत का, हेही तपासा, तेथे पीसीआय एक्स्प्रेसचा उल्लेख असल्यास कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील मार्गावर चुका होऊन त्या दुरुस्त केल्या जात आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

आणखी एक करावे. ठिपके दिसत असताना मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. तो मेनू मॉनिटरच काढतो, त्यामुळे मागचे चित्र बिघडलेले असताना मेनू स्वच्छ दिसला तर पॅनेलवरचा संशय बराच कमी होतो. त्याच वेळी मोबाइलवर व्हिडिओ घ्या: प्रत्येक क्षणी जागा बदलणारे विस्कळीत ठिपके बहुधा सिग्नलच्या मार्गातले असतात, तर कार्डाची मेमरी बिघडल्यास ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येणारी नक्षी दिसते आणि जड कामातही ती डोके वर काढते. तुमचे गेम सुरळीत चालतात, ही कार्डाच्या बाजूची चांगली साक्ष आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. गरम संगणकाची वीज तोडून केलेल्या चाचणीत ठिपके लगेच दिसले, त्यामुळे थंडपणाचा मुद्दा निकालात निघाला आणि एका संध्याकाळी पुष्कळ सुरुवाती तपासता आल्या. मॉनिटरचा मेनू स्वच्छ होता. व्हिडिओत ठिपक्यांची जागा सतत बदलताना दिसली. मॉनिटरचाही पुरवठा तोडल्यावर काळा पडदा आणि ‘व्हीजीए’च्या दिव्याचे रेंगाळणे थांबले, पण ठिपके अधूनमधून येतच राहिले. म्हणजे ही केबल उलटी वीजही पोहोचवते आणि तिच्यातून सिग्नलही नीट जात नाही, असे मला वाटले.

प्रमाणित केबल लावल्यावर, सांगितलेल्या संख्येपेक्षा बऱ्याच जास्त सुरुवाती तपासूनही पडदा स्वच्छ राहिला. जुनी केबल परत जोडताच दोन्ही लक्षणे परतली. स्लॉटचा वेग या सगळ्या काळात मुद्दाम ‘ऑटो’वरच ठेवला होता, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 17 क्रमांकाची एकही नोंद नाही, म्हणून रायझरला तूर्त हात लावत नाही. रॅमचा प्रोफाइल पुन्हा चालू केला आहे.