मदत हवी: घरात वाजवायला छोटा गिटार अ‍ॅम्प (खारी हवा, लाइटचा भरवसा नाही)

सोलकढी:

नमस्कार मंडळी. मला यातलं फारसं कळत नाही, त्यामुळे हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

आमचं घर देवबागला. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. घरची खानावळ आहे आणि पर्यटकांसाठी तीन खोल्या. लेकाने दहावीनंतर हट्टाने इलेक्ट्रिक गिटार घेतली, वर्षभर वाजवली, मग तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि गिटार गेली माळ्यावर. गेल्या पावसाळ्यात खोल्या रिकाम्या होत्या तेव्हा खाली काढली आणि यूट्यूबवर बघून शिकायला लागले. ई मायनर, जी, सी, डी हे कॉर्ड येतात. एफ अजून रडवतो. बोटं सोलली, पण रोज बांगडे साफ करणाऱ्या बाईला त्याचं काय!

नुसती वाजवली तर चमच्याने ताट वाजवल्यासारखा आवाज येतो. म्हणून आजवर केलेले उद्योग:

एक, होम थिएटरला जोडली. आवाज आला, पण गोधडीखालून आल्यासारखा. दोन, भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लीफायर मागून आणला. त्यावर तीच गोधडी, शिवाय बुवांनी दुसऱ्या दिवशी परत मागितला. तीन, शहरातल्या एका दुकानातून कुठल्याशा कंपनीचा छोटा अ‍ॅम्प घेतला, दुकानदार म्हणाला मुलं हाच नेतात. तो लावल्या लावल्या गुंऽऽ असा गुणगुणतो. तारांवर हात ठेवला की कमी होतो, काढला की वाढतो. सासूबाई मागच्या पडवीतून ओरडल्या, "गो, तो डबो बंद कर आधी, माका वाटला पंपात कायतरी अडाकला!" आणि परवा लादी नुकतीच पुसलेली, मी अनवाणी, तर तारांना हात लावताच बोटांना मुंग्या आल्या. तेव्हापासून तो बंद करून ठेवलाय.

आता अडचणी. घर कौलारू आहे, आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वरून सगळं मोकळं. माजघरात कुजबुजलं तरी पडवीत कळतं. मला वेळ मिळतो दुपारी दोन ते चार, नेमके पाहुणे जेवून आडवे झालेले असतात तेव्हा. म्हणजे हेडफोन लागणारच. पावसात लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. बजेट दहा हजार, फार तर थोडं पुढेमागे. अमेरिकेतला मावसभाऊ दिवाळीत येणार आहे, "तिकडून आणू का?" म्हणतो. आणू दे का?

किती वॉटचा घेऊ? दुकानदार म्हणतो जितके जास्त तितका चांगला.


सहातारा:

ताई, अ‍ॅम्पचं नंतर बघू. आधी त्या मुंग्या.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्यात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, हे बहुतेक गिटारींत होतं. आपलं शरीर घरातल्या वायरिंगचा आवाज अँटेनासारखा गोळा करतं. तारांना हात लागला की ते जमिनीच्या तारेला जोडलं जातं आणि आवाज उतरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मुंग्या येणं वेगळं. अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधून विजेची थोडी गळती असतेच. अर्थिंग असेल तर ती मुकाट्याने जमिनीत जाते. नसेल तर ती चेसिसवर, म्हणजे अ‍ॅम्पच्या लोखंडी सांगाड्यावर बसते, चेसिसवरून जॅकला, जॅकवरून केबलच्या जाळीला, जाळीवरून गिटारच्या ब्रिजला (तारा अडकवलेल्या असतात ती पट्टी), ब्रिजवरून तारांना. आणि तारांवर तुमची बोटं. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहिलं की उरलेला रस्ता तुम्हीच पुरा करता.

वायरमन येईपर्यंत तो अ‍ॅम्प लावू नका. आणि गुणगुण कमी होते म्हणून कुणी प्लगची वरची जाडी पिन काढायला किंवा टू-पिन लावायला सांगितलं, तर त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवा.

एक सोपी चाचणी, नंतर कधीतरी करा: गिटारवर पाच जागांचा स्विच आहे का? तीन पिकअप (तारांखालच्या, त्यांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्ट्या) असतील तर तो दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवा. बऱ्याच गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, मग त्या दोन जागांवर गुणगुण बरीच मरते. मेली तर ती पिकअपमधून येत होती, अ‍ॅम्प निर्दोष.


खडपातलो कुर्लो:

मी सरळ सांगतो, बॉस कंपनीचा कटाना ५० अ‍ॅम्प घ्या. १२ इंचाचा स्पीकर आहे आणि पॉवर अर्ध्या वॉटवर आणता येते, म्हणजे सासूबाई झोपलेल्या असतानासुद्धा चालेल. छोटे डबे घेऊन सहा महिन्यांनी सगळे रडतात. मी दोन विकलेत.


पेठेतला:

एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर गिटारची अ‍ॅप आहेत, ब्लूटूथ स्पीकर घरात असेलच. झालं काम.


सहातारा:

@पेठेतला, ब्लूटूथवर तार छेडल्यापासून आवाज कानात पोचेपर्यंत सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा जातो. गाणी ऐकताना कळत नाही, वाजवताना प्रत्येक ठोक्याला अडखळायला होतं. वायरचे हेडफोन आणि मधे इंटरफेस (गिटार मोबाईलला जोडायची डबी) असेल तर अ‍ॅप उत्तम, पण त्यासाठी मोबाईल खानावळीच्या फोनपासून मोकळा हवा. ताईंचा तसा असेल असं वाटत नाही.

@कुर्लो, कटाना ५० चांगलाच आहे, माझा स्वतःचा आहे. पण तो विजेवरच चालतो, आणि ताईंनी लिहिलेलं पहिलं वाक्य तू वाचलं नाहीस.

ताई, होम थिएटरची गोधडी का वाटते ते सांगतो. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार दुबळा असतो. त्याला साधारण १ मेगाओहमचं, म्हणजे खूप जास्त रोध असलेलं इनपुट लागतं. होम थिएटरचं किंवा भजनाच्या अ‍ॅम्पचं इनपुट त्याहून फार कमी ओहमचं असतं, ते सिग्नलवर ओझं टाकतं आणि वरचे तलम सूर आधी गळतात. उलट बाजूही आहे. गिटारच्या स्पीकरमधून साधारण ५-६ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर येत नाही, म्हणून त्यावर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) गोड लागतं. तेच गाण्याच्या स्पीकरवर लावा, बाटलीत गांधीलमाशी अडकल्यासारखं वाटेल.

वॉटचं दुकानदाराकडून शिकू नका. ५ चे १० वॉट केले तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. तुमच्या कौलारू घरात ३ वॉटसुद्धा आढ्यावरून सगळ्या खोल्यांत फिरून येतील. फरक पडतो तो स्पीकरच्या आकाराने. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झचा सूर निघतो. ३-४ इंचाच्या स्पीकरला तो धड झेपत नाही, कान वरच्या स्वरांवरून अंदाजाने भरून काढतो. सरावाला चालतं.

तुमच्या अटी धरल्या तर मला दोनच नावं सुचतात. बॉस कटाना मिनी: ७ वॉट, ४ इंच स्पीकर, सहा पेन्सिल सेल. तीन आवाज आहेत, क्लीन, क्रंच आणि ब्राउन, बटणं कमी, गोंधळ नाही. दुसरा रोलँड मायक्रो क्यूब जीएक्स: ३ वॉट, ५ इंच स्पीकर, यालाही सहाच सेल. आठ प्रकारच्या अ‍ॅम्पची नक्कल, इफेक्ट, ट्यूनरसुद्धा आत. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे अल्कलाइन सेलवर कटाना मिनी साधारण ७ तास चालतो, मायक्रो क्यूब २५. लाइट जाणाऱ्या गावात हा फरक मला वॉटपेक्षा मोठा वाटतो. दोन्हींना हेडफोन लागतो आणि लावला की स्पीकर गप्प होतो.

फेंडर फ्रंटमन १०जी पण साधा, टिकाऊ आहे, १० वॉट, ६ इंच, हेडफोनची सोय. पण नुसता विजेवर.

अमेरिकेतून आणायचा असेल तर मावसभावाला पाठीमागची पट्टी वाचायला सांगा. तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. नुसतं १२० लिहिलेला अ‍ॅम्प आपल्या सॉकेटमध्ये घातलात तर तोच त्याचा पहिला आणि शेवटचा कार्यक्रम. अडॉप्टरवर चालणारा असेल आणि अडॉप्टरवर १००-२४० लिहिलं असेल तर बिनधास्त.


खडपातलो कुर्लो:

वाचलं नाही, मान्य. मग मायक्रो क्यूब. पण अडॉप्टरचं सांगायचं राहिलं तुझं. बॉस-रोलँडच्या ९ व्होल्टच्या अडॉप्टरला मधे मायनस आणि बाहेर प्लस असतं. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात ते बहुतेक उलटे. पिन बरोब्बर बसते म्हणून फसायला होतं. अडॉप्टरवर आणि अ‍ॅम्पवर गोलाचं छोटं चित्र असतं, ते दोन्हींवर सारखं आहे का बघा, मगच घाला. माझ्या विकलेल्या दोनांपैकी एकाचं काय झालं ते विचारू नका.


सोलकढी:

मंडळी, वायरमन येऊन गेला. काय सापडलं ते ऐका.

पडवीतल्या ज्या बोर्डावर अ‍ॅम्प लावत होते तो त्याने उघडला. सॉकेटमधून हिरवी तार निघते, चार बोटं जाते, आणि तिथे काळ्या पट्टीत छान गुंडाळून ठेवलेली. पुढे कशालाच जोडलेली नाही. वरून तीन भोकं दिसत होती म्हणून आम्ही इतकी वर्षं निर्धास्त. त्याने बाहेर विहिरीकडची अर्थिंगची पाइपही उकरून पाहिली. कोळसा-मीठ घालून पुरलेली होती ती सासऱ्यांच्या वेळची. वरची वीतभर हातात आली, खाली नुसता गंजाचा भुगा. खारी हवा आणि वरून मीठ, दुसरं काय होणार!

वाळू वरून कोरडी ठणठणीत, पण इथे थोडं खाली गेलं की ओल लागते. त्या ओलीपर्यंत नवीन रॉड ठोकला. मग फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून पाहिला, लख्ख पेटला. (हे त्याने केलं हो, मी लांबून बघत होते.) नंतर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवायला लावला. म्हणाला, "वयनी, गिटार ऱ्हवांदे, तुमचो गिझर आणि मिक्सर पण ह्याच बोर्डार आसत." ते ऐकून पोटात गोळा आला. त्या खोल्यांत लोकांची पोरं उतरतात.

खर्च अ‍ॅम्पच्या बजेटमधूनच गेला. त्यामुळे आता प्रश्न बदलला: मायक्रो क्यूब जुना घेतला तर काय बघायचं? म्हापशात एक मिळतोय.


सहातारा:

म्हापशाचा घ्यायला हरकत नाही, गोव्यात गिटारवाले पुष्कळ, वस्तू वापरात असते. पण जाताना सहा नवे सेल आणि गिटार घेऊन जा, फोटोवर जाऊ नका. आधी सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल आत फुटून गेलेत, किंमत पाडा किंवा सोडून द्या. मग प्रत्येक बटण सावकाश फिरवा. खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते, तेवढ्यासाठी परत फिरू नका. जॅकमध्ये केबल घालून हलकेच हलवा, आवाज तुटला तर जॅक ढिला. शेवटी स्पीकरच्या जाळीला नाक लावा. कुबट वास म्हणजे कागदी कोनवर बुरशी.

घरी आणल्यावर वापरत नसाल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा, आणि अ‍ॅम्प समुद्राकडच्या खिडकीत नको. सिलिका जेलच्या दोन पुड्या सोबत ठेवा.


सोलकढी:

घेतला! गेल्या मंगळवारी. एसटीने गेले आणि अ‍ॅम्प मांडीवर घेऊन आले. व्हॉल्यूमचं बटण थोडं खरखरतं, बाकी झाकण-वास सगळं तपासलं. विकणारा मुलगा म्हणाला, आंटी, इतकं कुणीच तपासत नाही.

स्विच चौथ्या जागी ठेवला की गुणगुण जवळजवळ नाहीच. काल दुपारी लाइट गेली, पंखे बंद, पाहुणे अंगणात येऊन बसले. मी हेडफोन लावून आतल्या खोलीत तासभर वाजवत होते. बाहेर आले तर सासूबाई म्हणतात, "आज वाजवलंस नाय?"

आता एकच. लेक दिवाळीत येतोय आणि गिटार पुण्याला नेणार म्हणतो. तेव्हा तारा गंजणार नाहीत अशी, हलक्या वजनाची, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार कुठली घ्यावी? नवा धागा काढू की इथेच सांगता?


खडपातलो कुर्लो:

इथेच. पण आधी सांगा, जुन्यावरच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या होत्या?


सोलकढी:

तारा बदलायच्या असतात?