जुना गॅस गिझर पेटेना. सेल नवे, सिलिंडर भरलेला (जुळे सोलापूर)

बाई_जुळेसोलापूर:
नमस्कार. आमच्याकडे सहा लिटरचा जुना गॅस गिझर आहे, बाथरूमच्या आतल्याच भिंतीवर बसवलेला. दिवाळीपर्यंत बिनतक्रार चालला. आता गड्ड्याची जत्रा तोंडावर आली, पहाटे पाण्यात हात घालवत नाही आणि गिझर रुसलाय. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना कढत पाणी लागतंच, म्हणून शेगडीवर पातेलं तापवून बाथरूमपर्यंत नेतेय. तेवढं गरम पाणी उचलून नेताना जीव मुठीत असतो.

आधी नळ सोडला की टिकटिक व्हायची आणि लगेच पेटायचा. आता बहुतेक वेळा टिकटिकच येत नाही. पाणी सुटण्याचा दिवस असला, टाकी काठोकाठ भरली, की दुसऱ्या सकाळी पेटतो. पुढच्या दिवसापासून पुन्हा थंड. दोन्ही मोठे सेल नवे घातले. सिलिंडर नुकताच बदललाय, शेगडीची आच निळी आणि जोरात आहे. एक मिस्त्री बघून गेले, म्हणाले मशीन म्हातारं झालं, नवं घ्या. घरात दुसरा बदल म्हणाल तर दिवाळीनंतर स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. थंडी फार येते म्हणून बाथरूमच्या खिडकीला प्लास्टिक लावलंय, हेही सांगून ठेवते. नवा घ्यायच्या आधी काही तपासता येईल का?

अशोकचौककर:
ताई, सिलिंडर बदलल्यावर नळीत हवा अडकते. नळ चार-पाच वेळा सोडून बंद करा, हवा निघून गेली की पेटेल. आमच्याकडे दर सिलिंडरला असंच होतं.

होटगीरोडवाला:
टिकटिक नाही म्हणजे मायक्रोस्विच गेला. सोपं आहे. खालचं झाकण उघडा, स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाका. लगेच पेटतो. आमचा तसाच चालू आहे.

साखरपेठ_मिस्त्री:
ताई, त्या वायरी जोडू नका. होटगी रोडवाले भाऊ, तुम्हीही आजच्या आज सोडवा, हात जोडून सांगतो. तो स्विच पाणी वाहतंय की नाही हे बघायला ठेवलाय. वायरी जोडल्या की गिझरला वाटतं पाणी कायम चालूच आहे. टाकी संपली, नळ बंद केला, तरी खाली आग सुरूच राहते. आतली तांब्याची कॉइल कोरडी तापते, तिचे टाके सुटतात, आत उरलेल्या पाण्याची वाफ होऊन नळी फुटते. आपल्या गावात पाणी रोज येत नाही, टाकी कधी तळाला जाईल सांगता येत नाही. इथं तर तो स्विच असलाच पाहिजे.

अशोक चौकवाले म्हणतात ते खरं आहे, नळीत हवा अडकते. पण तेव्हा टिकटिक होते आणि आग लागत नाही. ताईंकडे टिकटिकच नाही. हा फरक पकडला तर निम्मं काम झालं.

ताई, मी बरीच वर्षं हेच काम करतोय. सोलापुरात गॅस गिझर बंद पडला की लोक आधी सेल बघतात, मग सिलिंडर, मग मशीनला शिव्या. पाणी कोणीच बघत नाही. गिझरच्या पोटात एक रबरी पडदा असतो, आम्ही डायफ्राम म्हणतो. नळ सोडला की पाण्याच्या जोरानं तो पडदा हलतो, एक पिन पुढं ढकलतो, ती पिन मायक्रोस्विच चालू करते. मग सेलचा करंट सर्किटला जातो, ठिणगी पडायला लागते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. सगळ्याची सुरुवात पाण्यापासून आहे. जोर कमी पडला तर पडदा हलत नाही, आणि पुढचं सगळं नवंकोरं असलं तरी गप्प बसतं.

आता तुमच्याच लिहिण्यातलं बघा. टाकी भरली की पेटतो, उतरली की नाही. सर्किट बिघडलं असतं तर त्याला टाकीचं काय कळणार? आणि वॉटरप्रूफिंग म्हणालात तिथं माझं लक्ष गेलं. ते काम करताना टाकी हलवली का? आधी जिन्याच्या खोलीवर होती आणि आता खाली स्लॅबवर ठेवलीय, असं झालंय का? तसं असेल तर सात-आठ फुटांचा जोर गेला तुमचा. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक किलोचा दाब, म्हणजेच 0.1 एमपीए (मेगापास्कल, दाब मोजायचं माप). जुन्या गिझरच्या पाटीवर पाण्याचा किमान दाब 0.02 किंवा 0.025 एमपीए लिहिलेला असतो. 0.025 म्हणजे अडीच मीटर, आठ फुटांच्या आसपास. गिझरच्या पाण्याच्या तोंडापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत एवढं अंतर पाहिजे. स्लॅबवरची टाकी भरलेली असली तर कसंबसं जमतं, निम्मी झाली की संपलं.

घरी दोन गोष्टी करा. एक लिटरची बाटली घ्या, बाथरूममधला थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडून ती किती सेकंदांत भरते बघा. मग गिझरमधून येणाऱ्या नळाखाली तीच बाटली धरा. गरम नळाला वीस सेकंदांच्या आत भरली पाहिजे, म्हणजे मिनिटाला तीन लिटर. थंड नळ जोरात आणि गरम नळ मंद असेल तर अडथळा गिझरमध्ये आहे. दोन्ही मंद असतील तर टाकीकडं बघा.

दुसरं, गिझरला थंड पाणी जिथून शिरतं तिथं आटे सोडले की बारीक जाळी निघते. त्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, सेल काढलेले, आणि पाण्याचा कॉक बंद. बऱ्याच दिवसांनी पाणी सुटलं की पहिलं पाणी गढूळ येतं, तो गाळ हौदातून टाकीत आणि टाकीतून थेट त्या जाळीवर. जुन्या ब्रशनं धुऊन पुन्हा बसवा, वॉशर आहे तसा लागला पाहिजे. बोअरचं पाणी वापरत असाल तर जाळीवर पांढरी खर धरते, ती लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात ठेवली की सुटते. गॅसच्या बाजूचा एकही आटा तुम्ही सोडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितोय म्हणून ते दुय्यम समजू नका. खिडकीचं प्लास्टिक आत्ता उठून काढा. बाथरूमच्या आत गॅस गिझर आणि खिडकी बंद, यानं माणसं गेली आहेत. बर्नर आतली हवा खातो, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधला गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. या वायूला ना वास ना रंग. डोकं जड होतं, पायातलं बळ जातं, कडी काढायलाही हात उचलत नाही. सासूबाई वयस्कर आहेत, आत आवाज दिला तर कोणाला ऐकू जाणार? गिझर दुरुस्त होईलच, पण तो आत पेटवू नका. बाहेरच्या बोळात, छज्जाखाली, वारा थेट लागणार नाही अशा भिंतीवर घ्या आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्या. तोपर्यंत बाहेरच्या नळाला बादली भरता येत असेल तर बघा.

बाई_जुळेसोलापूर:
काका, प्लास्टिक लगेच काढलं. सासूबाईंना तुमचं शेवटचं सगळं वाचून दाखवलं, त्याच म्हणाल्या की मागच्या थंडीत आंघोळ करून आल्यावर त्यांना गरगरायचं. आम्ही ते बीपीचं समजत होतो. आता आत गिझर नको असं घरात ठरलंय.

टाकीबद्दल तुम्ही म्हणालात तसंच आहे. जिन्याच्या खोलीवर होती, कामगारांनी खाली उतरवली आणि पुन्हा वर चढवलीच नाही. मिस्टर म्हणाले स्लॅबवर साफ करायला सोपी पडेल.

बाटली लावून बघितली. थंड नळाला पंधरा सेकंद, गिझरच्या नळाला पस्तीसच्या वर. मिस्टरांनी तुम्ही लिहिलंत त्याच क्रमानं सगळं बंद करून जाळी काढली. काळा चिखल आणि बारीक वाळू. धुऊन बसवल्यावर बाटली बावीस सेकंदांवर आली. दरवाजा-खिडकी सताड उघडी ठेवून, आत कोणीही नसताना, एकदाच लावून बघितला. टिकटिक झाली आणि पेटला. पण टाकी अर्धी झाल्यावर काय? टाकी पुन्हा वर चढवावी की पंप बसवावा?

साखरपेठ_मिस्त्री:
ताई, गरगरायचं ते डॉक्टरांच्या कानावर घाला. बीपी असेलही, पण गिझर आत होता हे त्यांना माहीत असू द्या.

टाकी वर चढवा. जिन्याच्या खोलीचा स्लॅब हे वजन आधी पेलतच होता. पाइप जोडायला प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. नाहीतर अँगलचं स्टँड करून घ्या, पण भरलेल्या हजार लिटरच्या टाकीचं नुसतं पाणीच एक टन होतं. स्टँडचे पाय नुसत्या वॉटरप्रूफिंगवर टेकवू नका, खाली बीम कुठून गेलाय ते बघून ठेवा, नाहीतर नवं काम फुटेल. छोटा प्रेशर पंप चालतो, मात्र लाइट गेली की तुम्ही पुन्हा शेगडीवर. गॅस गिझरला मेन्स लाइट लागत नाही, तो फायदा घालवू नका.

बावीस सेकंद अजून थोडे जास्त आहेत. पडदा जुना होऊन कडक झाला असणार. गिझर बाहेर हलवाल तेव्हाच मिस्त्रीकडून डायफ्राम बदलून घ्या, स्वस्तातला सुटा भाग आहे. गॅसची रबरी नळीही त्याच वेळी नवी, आयएसआय मार्कची. जोडून झाल्यावर सांध्यांना साबणाचा फेस लावून बघायला सांगा, काडी ओढून कोणी बघत असेल तर थांबवा. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, आणि घराबाहेर येऊन 1906 ला फोन. गॅस गळतीसाठीच तो नंबर आहे.

मशीन म्हातारं झालं म्हणून टाकून द्यायची गरज मला दिसत नाही. बर्नरची आच निळी आहे ना? पिवळी दिसली किंवा कॉइलवर काजळी धरलेली असली तर बाहेर बसवण्याआधी बर्नर उघडून साफ करावा लागेल. पिवळ्या आचेवर एक दिवसही चालवू नका.

अक्कलकोटरोड_कारखाना:
मिस्त्रीकाका, आमचा गिझर पेटतो, पण पाच-सात सेकंदांत विझतो. पुन्हा नळ सोडला की पुन्हा तेच. गिझर बाहेरच आहे. पाण्याला जोर भरपूर.

साखरपेठ_मिस्त्री:
तुमचं पाण्याचं नाही. बर्नरवर दोन काड्या दिसतील. एक ठिणगी पाडते, दुसरी आग लागलीय का ते बघते. दुसरीवर काजळी किंवा गंज चढला की सर्किटला आग दिसत नाही आणि ते गॅस बंद करतं. तो बिघाड नाही, तसं बंद होणंच बरोबर आहे. रेग्युलेटर बंद करून, मशीन गार झाल्यावर, ती काडी बारीक पॉलिश पेपरनं घासा. वाकवू नका, तिचं टोक आचेतच राहिलं पाहिजे. मग सेलचा डबा उघडा. बाहेरच्या दमट हवेनं पत्त्यांवर हिरवट गंज धरतो. तोही घासून काढा आणि दोन्ही सेल एकदम नवे घाला, अल्कलाइनचे. एक नवा एक जुना नको. उतरलेल्या सेलवर ठिणगी पडते, पण व्हॉल्व्ह धरून ठेवायला करंट पुरत नाही. एवढं करूनही विझला तर व्हॉल्व्ह किंवा सर्किट, ते मिस्त्रीला दाखवा.

आणि वीस मिनिटं चालून बंद होत असेल तर ती तक्रार समजू नका. तो टायमर आहे, मुद्दाम दिलेला. नळ बंद करून पुन्हा सोडा.

होटगीरोडवाला:
वायरी सोडवल्या. नवा मायक्रोस्विच कुठं मिळेल?

साखरपेठ_मिस्त्री:
लाख मोलाचं काम केलंत. जुना स्विच काढून सोबत न्या, नवी पेठेत गिझर-मिक्सरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात दाखवा. पत्तीची लांबी आणि भोकांतलं अंतर जुळवून घ्या, नाहीतर पिन नीट टेकत नाही. बसवायच्या आधी बाटली लावून पाणी मोजा. तुमचाही स्विच चांगलाच असायचा आणि जाळी भरलेली निघायची.