डोंगरात पाणी सोडून मीठ काढतात, मग डोंगर बसत नाही का?

बाळीवेसकर
आषाढी तोंडावर आली म्हणून आईने मंगळवार पेठेत शेंदेलोण आणायला धाडलं. दुकानात एक गृहस्थ सांगत होते की ऑस्ट्रियात डोंगराच्या पोटात पाणी सोडून मीठ विरघळवतात आणि ते पाणी बाहेर आणून आटवतात. इथे आपण नळाला पाणी कधी येतंय म्हणून बादल्या मांडून बसायचं, आणि हे लोक डोंगरात ओतणार! सरळ खणून का काढत नाहीत? आणि आतून विरघळत गेलं तर वरचा डोंगर खाली येत नाही का? आईचा प्रश्न वेगळाच: आपलं शेंदेलोण पण असंच करतात का?

सातरस्ता
येतच असणार खाली. पाणी कुणाचं ऐकून थांबलंय का? आमच्या गल्लीत पाइप फुटला तेव्हा रस्ता कसा खचला ते बघितलंय.

रंगारी_अक्कलकोटरोड
सातरस्ता मालक, मिठाच्या बाबतीत पाणी थांबतं. टॉवेलच्या डाईहाऊसमध्ये जन्म गेला माझा. सुती मालावर रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर मीठ पोत्याने लागतं. पिंपात १०० किलो पाणी घ्या, साधारण ३६ किलो मीठ मावेल. पुढे काठीने कितीही घुसळा, तळाला खरखर लागतेच. नवीन पोरं वाफ सोडून बघतात. पण उकळत्या पाण्यातही ३९-४० किलोच्या वर जात नाही. साखरेसारखं नाही ते.

आता डोंगराचं. ऑस्ट्रियातलं हॉलश्टाट काय, जर्मनीतलं बेर्ख्टेसगाडेन काय, तिथलं मीठ स्वच्छ थरात नाही. मीठ, चिकणमाती, जिप्सम असं सगळं कालवलेलं आहे. तिथले खाणकामगार त्याला हाझेलगेबिर्ग म्हणतात. खणलं तर पाटीत माती पण येणार. पाणी मात्र मीठ घेऊन माती तिथेच टाकतं.

करतात असं: बोगद्यातून आत एक पोकळी कोरायची आणि गोड पाण्याने भरायची. पाणी छत आणि बाजू खातं. सुटलेली माती तळाला बसते, आणि त्या गाळाखाली तळ झाकला जातो. शिवाय खारं पाणी जड, ते खाली राहतं. ताजं पाणी हलकं, ते वर छताला भिडतं. म्हणून पोकळी खाली न जाता वर वर चढते. खाऱ्या पाण्याच्या एकूण वजनात मीठ २६-२७ टक्क्यांवर गेलं (पिंपातला ३६ किलोचाच हिशेब) की खाणं बंद. मग ते खालून काढून घ्यायचं, पुन्हा ताजं भरायचं. छताला पाणी टेकू दिलं नाही तर छत वाढत नाही, म्हणजे लगाम माणसाच्या हातात. दोन पोकळ्यांमध्ये जाड भिंत राखतात. बोअर मारून काढतात तिथे पाण्यावर तेलाचा किंवा नायट्रोजनचा थर ठेवतात, तेवढ्याने छत वाचतं.

पाण्याचा हिशेब सांगतो. एक घनमीटर मिठाचा खडक म्हणजे दोन टनांहून थोडं जास्त. तो विरघळवायला सहा घनमीटर पाणी.

लगाम सोडला तर सातरस्ता म्हणतात तेच होतं. इंग्लंडात चेशायरमधल्या नॉर्थविचला १९व्या शतकात जमिनीखालचं खारं पाणी बेफाम उपसलं. घरं कलली, रस्ते खचले. शेवटी तिथे लाकडी सांगाड्याच्या इमारती बांधायला लागले, बसली की जॅक लावून उचलायची!

बाळीवेसकर
जॅक लावून इमारत उचलायची, कमाल आहे! पण ते पाणी आटवतात कशात? मे महिन्यात आमच्या गच्चीवर आणा म्हणावं, दोन दिवसांत काम होईल.

रंगारी_अक्कलकोटरोड
गच्चीचं काम आपल्याकडे होतंच की. कच्छच्या छोट्या रणात अगरिया लोक जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात वाळवतात. आल्प्समध्ये तसलं ऊन कुठलं, पाऊस आणि बर्फच जास्त. लाकूड जाळूनच आटवायचे. हॉलश्टाटच्या भोवतीचं जंगल पुरेना, तेव्हा त्यांनी मिठाचं पाणीच लाकडाकडे नेलं. १५९५ ला काम धरलं आणि १६०७ ला एबेन्झे गावापर्यंत सुमारे ४० किलोमीटर नळ पुरा केला. तोही लाकडी, सुमारे १३,००० खोडं पोखरून एकाला एक जोडलेली. आपल्याकडे प्लास्टिकचा नळ एक उन्हाळा काढत नाही! आता एबेन्झेला निर्वात भांड्यात आटवतात, तिथे कमी तापमानाला पाणी उकळतं.

सातरस्ता
आपल्या हिमाचलात पण आहे ना खाण? मंडीकडे?

रंगारी_अक्कलकोटरोड
आहे. मंडी जिल्ह्यात द्रंग आणि गुम्मा.

बाळीवेसकर, काकूंचं राहिलंच. विरघळवून आटवलेलं मीठ पांढरं, बारीक, एकसारखं निघतं. २०२५ मध्ये पाकिस्तानातून आयात बंद होईपर्यंत बाजारातलं गुलाबी शेंदेलोण मुख्यतः तिथल्या खेवड्याच्या खाणीतलं असायचं, आणि तिथे मिठाचेच खांब राखून खणतात. खडा घेऊन फोडून बघा, सपाट, काटकोनात तुटतो. लालसर झाक असते ती लोहाची. दळलेलं पाकीट घेतलंत तर यातलं काहीच दिसायचं नाही, तेव्हा खडाच घ्या आणि घरी खलबत्त्यात कुटा.