लॉस एंजेलिस ऑलिम्पिक १९८४: पी. टी. उषाचं कांस्यपदक नेमकं कुठे हुकलं?

धावपट्टी: ४०० मीटर हर्डल्सच्या (अडथळ्यांच्या) अंतिम शर्यतीत रुमानियाची कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. एवढासा फरक ठरवतात कसा? आणि राहिलं कुठे?

फोटोफिनिश: कॅमेरा फक्त अंतिम रेषेची बारीक पट्टी टिपत राहतो. त्या पट्ट्या जोडून जी प्रतिमा होते, तिचा आडवा अक्ष म्हणजे वेळ. धड रेषेच्या अलीकडच्या कडेला कधी पोचलं, तेवढंच मोजतात. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. उषाचा सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर, म्हणजे ०.०१ सेकंद हे जेमतेम ७ सेंटिमीटर! छाती वेळेवर पुढे झोकली असती तर एवढं सहज भरून निघालं असतं.

दहा हर्डल: सगळं खापर छातीवर नको. त्या दिवशी आधी फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे इशाऱ्याआधीच कुणीतरी सुटलं, सगळ्यांना परत ब्लॉकवर यावं लागलं. शिवाय ही शर्यत पावलांच्या हिशेबाची. पहिला हर्डल ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरला एक, शेवटी ४० मीटर मोकळे. दमल्यावर पाऊल आखूड पडतं, हर्डलपाशी अंतर जुळत नाही, मग तिथे बारीक पावलं टाकावी लागतात आणि वेग मरतो. झोक द्यायचा तो अगदी शेवटच्या पावलावर. दोन-तीन पावलं आधी वाकलात तर लय तुटते.

धावपट्टी: आत्ता कळलं. बीडच्या अविनाश साबळेचं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलंही असंच ना?

फोटोफिनिश: हो, ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. केनियाचा किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पण तिथे रौप्य तरी हाती लागलं.