उत्तर: बॅसिलिस्क जिवंत पकडून शहरात कसा न्यायचा?

डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांच्या भूमिका-खेळात बॅसिलिस्क म्हणजे नजरेने दगड करणारा, आठ पायांचा सरपटणारा राक्षस. वरच्या एका उत्तरात पॉलिमॉर्फचा, म्हणजे रूप बदलणाऱ्या मंत्राचा, उपाय सुचवलाय: बॅसिलिस्कचा ससा करा आणि पिशवीत टाकून न्या. पकडायला तो उत्तमच आहे, पण वाहतुकीला पुरत नाही. मंत्र जास्तीत जास्त एक तास टिकतो आणि साधारण चालीने तासाला ३ मैल होतात. वाटेत जादूगाराला एखादा बाण लागून एकाग्रता मोडली, की पिशवीत पुन्हा आठ पायांचं धूड.

डीएनडीच्या पाचव्या आवृत्तीतला (२०१४ चे नियम) एक मुद्दा इथे कुणी मांडला नाही. जवळून केलेल्या वाराने प्राण्याचे हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) शून्यावर आले, तर मारण्याऐवजी त्याला बेशुद्ध पाडता येतं. मात्र १ ते ४ तासांत तो १ हिट पॉइंट घेऊन जागा होतो. त्याआधी डोळे बांधा, कारण दोघंही एकमेकांना पाहू शकत असतील तरच त्याची नजर बाधते. आमच्या खेळात जाड कातड्याची टोपी डोळ्यांवर ओढून मानेखाली पट्ट्याने आवळली होती, आणि वरून जबडाही करकचून बांधला होता. जबडा मोकळा ठेवूच नका! तागाच्या दोराला जेमतेम २ हिट पॉइंट असतात, एका चाव्यात तुटतो. शक्तीच्या जोरावर तोडायला वीस बाजूंच्या फाशावर एकूण १७ लागतात, बॅसिलिस्कला त्यात +३ मिळतात, म्हणजे दर तीन प्रयत्नांत एकदा तरी तुटणार असं धरून चाला. साखळीच घ्या. ट्रोल या राक्षसावर मात्र हे करू नका, त्याच्या जखमा आपोआप भरतात आणि तो पुढच्याच फेरीत उठून बसतो.